वाळवंटात तंबू कुठला न्यावा? वाळूच्या वादळात टिकेल असा निवारा – अनुभव हवेत

सोनटक्का

नमस्कार मंडळी,

आम्ही मस्कतला राहतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून दीर-जाऊबाई मुलांना घेऊन येताहेत, सासूबाई आमच्याकडेच आहेत. सगळ्यांनी मिळून वहिबाच्या वाळवंटात मुक्कामाला जायचं ठरलंय. तिथे तयार कॅम्प आहेत हे माहीत आहे, पण मुलांना स्वतः उभारलेल्या तंबूत झोपायचंय. खरं सांगायचं तर मलाही.

काळजी आहे ती वाऱ्याची. हिवाळ्यात मधूनच उत्तर-पश्चिमेकडून शमाल सुटतो आणि वाळू उडायला लागते. ओळखीच्या एका कुटुंबाचा तंबू असाच मध्यरात्री उखडला होता. कोणाला लागलं नाही, पण लहान मुलं फार घाबरली.

दुकानात दोन प्रकार बघून आले. एक आठ माणसांचा, आत उभं राहता येईल इतका उंच, भिंती सरळ आणि वरचा अर्धा भाग जाळीचा. दुसरा तीन-चार जणांचा ठेंगणा घुमटाकार, असे दोन-तीन घ्यावे लागतील. उंच तंबू सगळ्यांना आवडलाय. कुठला घ्यावा? वाळूत मेखा धरतात का? गाड्या कुठे उभ्या कराव्यात? आणि वादळ आलंच तर तंबूत बसायचं की गाडीत?

जाणकारांनी सविस्तर लिहा, प्लीज.

पिठलं_भाकरी

वाचतेय. माहितीत भर काही नाही, एकच विनंती: चिवडा आणि शेव घट्ट फिरकीच्या डब्यात न्या. बहिणीबरोबर अमिरातीतल्या लिवाच्या वाळवंटात गेलो होतो तेव्हा वारा सुटल्यावर सगळ्यात आधी फराळाचं ताट झाकायला धावलो होतो आम्ही सगळे.

कुवेतकर

सोनटक्का ताई, डोळे झाकून ठेंगणे तंबू घ्या.

कुवेतमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च हा अधिकृत कॅम्पिंगचा हंगाम. शहराबाहेर वाळवंटात तंबूंची गावंच वसतात. इथले लोक मोठे कापडी खैमे लावतात, त्यात उभं राहता येतं, बैठक असते, टीव्हीसुद्धा असतो. ते बघून नवखा माणूस म्हणतो, हे टिकतं तर आपला उंच तंबू का नाही टिकणार? फरक असा की खैम्याचं कापड जाड सुती, मधले खांब भक्कम, ताणे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, हाताच्या अंगठ्याएवढे जाड आणि हातभर लांबीच्या लोखंडी मेखा मोठ्या हातोड्याने ठोकलेल्या. शिवाय तो चार महिने एकाच जागी असतो. दुकानातल्या उंच तंबूचं कापड पातळ नायलॉन, काड्या फायबरग्लासच्या आणि मेखा बोटभर. दिसायला सारखं, कामाला वेगळं.

आता मेखा. मोकळ्या वाळूत साधी मेख धरत नाही. हाताने ओढली तरी लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. आम्ही काय करतो ते सांगतो. बासमतीच्या ५ किलोच्या कापडी पिशव्या इथे प्रत्येक घरात पडलेल्या असतात, तुमच्याकडेही असतील. पिशवीत वाळू भरायची, साधारण १० किलो मावते. तोंड आवळून ताण्याची दोरी गळ्याला दोन वेढे देऊन बांधायची. तंबूपासून दीड-दोन मीटरवर गुडघाभर खड्डा, त्यात पिशवी आडवी. दोरी खड्ड्यातून सरळ वर आणायची नाही. तंबूच्या बाजूला तिरका चर काढायचा आणि दोरी त्यातून आणायची, म्हणजे ताण पडला की पिशवी वर न येता खड्ड्याच्या भिंतीत रुतते. वरून वाळू लोटून पायाने तुडवायची. पाणी जास्तीचं असेल तर एखादा लिटर ओता, ओली वाळू दगडासारखी बसते.

हे प्रत्येक ताण्याला करायचं. चार कोपऱ्यांना केलं आणि मधले ताणे सोडले, असं नको. काड्या वाकतात त्या मधूनच.

वाचनमात्र

बहुतेक वेळा नुसता वाचतो, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. एवढ्या पिशव्या पुरायला किती वेळ लागतो?

कुवेतकर

@वाचनमात्र, दोघं माणसं आणि एक चांगलं फावडं असेल तर चहा उकळून येईपर्यंत एका तंबूचं होतं. मुलांना पिशव्या भरायला बसवा, त्यांना तेच सगळ्यात आवडतं. उजेड असताना करायचं काम आहे हे. दुपारी उशिरा पोचून सूर्यास्ताचे फोटो काढून मग तंबू लावायला घेतात, तिथेच घोटाळा होतो.

मेखसू

अबुधाबीत स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. कुवेतकरांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, दाब चौपट. ताशी ३० किमी वाऱ्याला दर चौरस मीटरवर साधारण सव्वाचार किलोचा रेटा येतो. ताशी ६० ला तोच १७ किलोच्या पुढे जातो. उंच तंबूची एक भिंत ४ मीटर लांब आणि २ मीटर उंच धरा, म्हणजे ८ चौरस मीटर. ताशी ६० किमीला जवळजवळ १४० किलो. तो रेटा सतत नसतो, झोत येतो, सुटतो, पुन्हा येतो. प्रत्येक झटक्याला मेख थोडी थोडी सैल होते. ठेंगण्या घुमटाची वाऱ्यासमोरची बाजू जेमतेम २ चौरस मीटर, तीही गोलाकार असल्याने वारा वरून घसरून जातो.

एकूण हिशोब हाच: वाऱ्यासमोर किती कापड उभं करताय. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं, घाटकोपरच्या पेट्रोलपंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ते आठवत असेलच. प्रचंड मोठा सपाट पत्रा आणि न पेलणारा पाया. प्रमाण वेगळं, भौतिकशास्त्र तेच.

दुसरी गोष्ट, वाळू आणि धूळ एकत्र धरू नका. वाळूचे कण जड. वारा ताशी २०-२५ किमीच्या आसपास गेला की ते उड्या मारत पुढे सरकायला लागतात, आणि बहुतेक उड्या गुडघ्याच्या खालीच असतात. धूळ मात्र हवेत तरंगते, शेकडो मीटर वर जाते. म्हणून तंबूचा खालचा अर्धा मीटर पक्का बंद हवा. बाहेरच्या कापडाची कड जमिनीपासून वीतभर उंच राहते असे तंबू पावसाच्या देशांसाठी केलेले असतात, त्या फटीतून वाळू सरळ आत. कडेला झालर असलेला तंबू मिळाला तर उत्तम. झालर बाहेर पसरायची आणि तिच्यावर वाळू लोटायची.

उंटावरची_शहाणी

वरचे दोन्ही प्रतिसाद पटले, पण एक मुद्दा सगळे विसरताहेत. सासूबाई! ठेंगण्या तंबूत रांगत जायचं, रात्री उठायचं झालं तर रांगत बाहेर यायचं, हे सत्तरीच्या गुडघ्यांना जमेल का? वाळवंटात जाऊन आजींचेच हाल झाले तर काय उपयोग?

आमच्या आईसाठी आम्ही असं करतो: गाडीच्या मागच्या सीट पाडून त्यावर गादी. गाडी म्हणजे लोखंडी खोली. वाऱ्याची भीती नाही, उठायला-बसायला सोपं, दार उघडलं की पाय थेट जमिनीवर. काचा बोटभर उघड्या ठेवायच्या आणि इंजिन बंद. आईला तिथे फार छान झोप लागते आणि पहाटे तीच सगळ्यांना उठवते.

जाळीबद्दल मेखसूंशी पूर्ण सहमत. दुबईच्या दुकानांत मिळणारे बरेचसे तंबू आतून नुसती जाळी असतात. उकाड्यासाठी बरे, पण धूळ जाळीतून पिठासारखी गाळून आत येते आणि सकाळी पांघरूण झटकलं की खोकला. आतला तंबूही कापडी भिंतींचा घ्या, वर छोट्या जाळीच्या खिडक्या आणि त्यांना आतून चेन लावता येईल असा.

रोखठोक

माझं मत वेगळं. दोन कुटुंबं, लहान मुलं, आजी. सरळ तयार कॅम्पमध्ये जा. तिथली माणसं त्याच मातीतली आहेत, वारा कधी फिरणार ते त्यांना कळतं. तुम्ही रात्रभर ताणे तपासत बसणार की आकाश बघणार?

सोनटक्का

@रोखठोक, मुद्दा मान्य. म्हणूनच जागा अशी निवडतोय की जवळचा कॅम्प गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर असेल. पण मुलांनी स्वतः खड्डा खणून, दोरी बांधून रात्र काढावी असं मला मनापासून वाटतं. इथे सगळं आयतं मिळतं त्यांना.

@उंटावरची_शहाणी, गाडीतल्या गादीची कल्पना सासूबाईंना सांगितली, त्या लगेच तयार!

थारचा_वाटसरू

नोकरीनिमित्त बरीच वर्षं जैसलमेरच्या बाजूला काढली. आखाताचा अनुभव नाही, पण वाळू तीच आहे.

आपल्याकडे आंधी येते ती मे-जूनमध्ये, हिवाळ्यात नाही. आकाशाचा एक कोपरा आधी पिवळा होतो, मग तांबूस, आणि त्याच्यामागे काळं. वाऱ्याआधी काही क्षण सगळं गप्प होतं. पक्षी आधी कळवतात.

तिथल्या ढाणीतल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, लोकांची घरं बघा. झूंपा म्हणजे गोल खोली, भिंत माती-शेणाची, वर गवताचं शंकूसारखं छप्पर, खाली उतरत आलेलं. गोल घराला वाऱ्यासमोर कोपरा नसतो, त्यामुळे वारा दोन्ही बाजूंनी वाट काढून जातो आणि वाळूचा ढीग एका भिंतीशी साचत नाही. घराभोवती काटक्यांची बाड, म्हणजे कुंपण. ही बाड जनावरांसाठी असते असं वाटतं, पण ती वाऱ्याचं अर्धं काम तिथेच संपवते. जोधपूरच्या काझरी या कोरडवाहू प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने टेकड्या स्थिर करायला हीच पद्धत वापरली: स्थानिक झुडपांच्या काटक्या वाळूत बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीत रोवायच्या. वारा अडतो, वाळू तिथेच पडते आणि मग रोपं धरतात.

जागेबद्दल. टेकडीच्या माथ्यावर तंबू लावू नका, देखावा कितीही सुंदर असला तरी. टेकडीचा वाऱ्याकडचा उतार मंद असतो आणि पलीकडचा खडा. खड्या उताराच्या अगदी पायथ्याशीही नको, माथ्यावरून उडालेली वाळू तिथेच येऊन पडते. दोन टेकड्यांमधल्या सपाट जागेत, खड्या उतारापासून बऱ्यापैकी लांब.

आणि वादळात भिंतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या आडोशाला धावू नका. २०१८ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला राजस्थान आणि उत्तर प्रदेशात रात्री आंधी आली, शंभराहून जास्त माणसं गेली. भरतपूर, आग्रा या भागात. धुळीने नाही गेली ती. घरांच्या भिंती, छपरं, झाडं, विजेचे खांब अंगावर पडून गेली.

माळरान

@थारचा_वाटसरू, सुंदर प्रतिसाद. आमच्या नगर भागात मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांची पालं लहानपणापासून बघतोय. कंबरेएवढी उंच, दोन बाजू थेट जमिनीला टेकलेल्या, तोंड वाऱ्याच्या उलट. उघड्या माळावर वावटळीत तीच टिकतात. शिकायचं तर अशा माणसांकडून, जाहिरातींतून नाही.

मेखसू

+१ माळरान. अरबांचा बकरीच्या केसांचा काळा तंबू, बैत अश्शअर, त्याच तत्त्वावर आहे. लांबट, ठेंगणा, छप्पर दोन्हीकडे उतरतं, ताणे खूप लांब, पाठ वाऱ्याकडे आणि मागची भिंत खाली वाळूत दाबलेली. ताणे लांब असण्याचं कारण असं की दोरी जितकी आडवी, तितका तिचा ओढ मेखेला वर न खेचता बाजूला खेचतो. तंबूबरोबर आलेल्या दोऱ्या आखूड असतात. सोनटक्का, दुकानातून दहा-पंधरा मीटर चांगली दोरी वेगळी घ्या.

काटक्यांच्या बाडीबद्दल: भरीव भिंतीपेक्षा अर्धी मोकळी, अर्धी भरलेली आडोसा-भिंत जास्त चांगली. भरीव भिंतीवरून वारा उडी मारून पलीकडे भोवरा करतो. सच्छिद्र भिंत वाऱ्याला गाळते, वेग कमी होतो, भोवरा होत नाही आणि तिचा फायदा उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मिळू शकतो. खजुराच्या झावळ्यांची कुंपणं आखातात जागोजागी दिसतात, त्यांचं शहाणपण हेच. बांधकामावर वापरतात ती हिरवी शेडनेट चार काठ्यांवर ताणली तरी चालेल.

कुवेतकर

@मेखसू, शेडनेट ठीक, पण सगळ्यात सोपा आडोसा म्हणजे गाडी. वाऱ्याकडे आडवी उभी करायची, तिच्या मागे तंबू. इथे सगळे तेच करतात.

मेखसू

मला ते पटत नाही. गाडीखालून वारा जोरात निघतो आणि तिथेच, गुडघ्याखाली, वाळू सर्वांत जास्त असते. म्हणजे गाडीने वरचा स्वच्छ वारा अडवला आणि खालचा वाळूचा झोत नेमका तंबूच्या पायथ्याशी सोडला. वर भोवरा तयार होऊन कापड फडफडतं ते वेगळंच.

कुवेतकर

म्हणून गाडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला चाकांच्या मधे ताडपत्री लावून खाली वाळूने दाबायची. फट बंद. एवढं केलं की तक्रार राहत नाही. आणि तंबू गाडीला चिकटून नको, चार-पाच पावलं सोडून.

मेखसू

ताडपत्री लावली तर फरक पडेल, मान्य. तरी मी गाडीचा उपयोग खुंट्यासारखा करेन. वाऱ्याकडचा मुख्य ताणा चाकाच्या रिममधून ओवून बांधायचा. फक्त किल्ली त्या दोरीलाच अडकवून ठेवा, म्हणजे दोरी सोडल्याशिवाय कोणी गाडी हलवणार नाही.

पिठलं_भाकरी

किल्ली दोरीला बांधायची ही युक्ती घरी सांगितली. "मग वाळवंटात तरी किल्ली सापडेल," असं उत्तर आलं.

फिनिक्सपक्षी

ॲरिझोनातून लिहितोय. आमच्याकडे पावसाळी वादळांच्या पोटातून खाली आलेली थंड हवा जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंतच उभी करते, तिला हबूब म्हणतात. ५ जुलै २०११ ला फिनिक्सवर आला तो हबूब सुमारे दीड किलोमीटर उंच होता. भर संध्याकाळी अंधार झाला होता. शमाल तासन्तास, कधी दिवसचे दिवस वाहतो. हबूब येतो आणि बहुतेक वेळा तासाभरात जातो, पण तयारीला काही मिनिटंच मिळतात. सुदानमध्ये, आखातातही वसंतात गडगडाटी वादळांबरोबर असं होतं.

सोनटक्का यांचा शेवटचा प्रश्न, तंबू की गाडी? भिंत येताना दिसली तर गाडी. तंबूची घडी घालत बसायचं नाही. काड्या काढा, तंबू जमिनीवर लोळवा, त्यावर पाण्याचे कॅन, शीतपेटी, जे जड असेल ते ठेवा आणि सगळे गाडीत. लोळलेल्या तंबूला वारा काही करू शकत नाही. उभा ठेवला तर काड्या मोडतात, आणि एकदा मोडलेली काडी कापड फाडते.

रस्त्यावर असताना आलं तर इथे शिकवतात ते असं: रस्त्यापासून शक्य तितकं बाजूला जा, थांबा, सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावून ब्रेकवरचा पाय काढा. मागचे लाल दिवे चालू राहिले तर मागून येणारा त्यांच्या मागे यायचा प्रयत्न करतो आणि येऊन आदळतो.

कुवेतकर

हो, वसंतातल्या त्या वादळांना इकडे सरायात म्हणतात. मार्चअखेरपासून. ताई डिसेंबरात जाताहेत, तेव्हा त्यांना शमालचीच तयारी पुरे.

डॉ_निवांत

आतापर्यंत कोणी लिहिलं नाही म्हणून ठळकपणे लिहितो. बंद तंबूत कोळशाची शेगडी, सिगडी, गॅस काहीही पेटवू नका. विझत आलेले निखारेसुद्धा आत नेऊ नका.

वाळू येते म्हणून माणसं सगळ्या चेन बंद करतात. थंडी वाजते म्हणून बार्बेक्यूची शेगडी आत घेतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते, झोप लागली असं वाटतं आणि माणूस उठत नाही. वादळापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. गाडीत बसलात आणि मागचा धूर निघायची नळी वाळूने बुजत असेल तर इंजिन चालू ठेवायचं नाही, हेही त्यातच आलं.

धुळीबद्दल. ओला रुमाल नाकाला बांधला की वाळू अडते, पण बारीक धूळ त्यातून जाते. एन-९५ मास्क न्या, प्रत्येकाला एक आणि वर काही जास्तीचे. कोणाला दमा असेल तर पंप खिशात हवा, बॅगेत तळाशी नाही. २०२२ च्या मे महिन्यात इराकमध्ये एका धूळवादळात हजारो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावं लागलं होतं. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा, चष्मा वापरा. डोळ्यात गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

सोनटक्का

@डॉ_निवांत, मनापासून आभार. पुतण्याला बालदमा आहे, त्यामुळे तुमचा प्रतिसाद जाऊबाईंना जसाच्या तसा पाठवला. शेगडीचा नियम सगळ्यांना पाठ करायला लावणार.

माळरान

अवांतर: तिकडे वाळवंटात झाडं कुठली असतात?

निझवाचा_किल्ला

@माळरान, अवांतर अजिबात नाही. वहिबाच्या कडेला गाफची झाडं आहेत. गाफ म्हणजे राजस्थानातली खेजडी आणि आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. एकच झाड, प्रोसोपिस सिनेरारिया. अमिरातीचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. गाफची रांग हा उत्तम सच्छिद्र आडोसा, पण तिच्या वाऱ्यामागे थोडं लांब तंबू लावा, फांद्यांखाली नको. वाळलेली फांदी तुटते हे एक आणि सावलीत उंट बसतात, तिथल्या वाळूत गोचिडी असतात हे दुसरं. चटई टाकायच्या आधी लेंड्या दिसताहेत का ते बघा.

ओमानमध्येच राहतो म्हणून आणखी दोन गोष्टी. तंबूचं तोंड कुठे करायचं हे आत्ता वाहणाऱ्या वाऱ्यावरून ठरवू नका. शमाल यायच्या आधी बऱ्याचदा दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून उबदार वारा असतो. वाळूवरच्या बारीक लाटाही आधीच्याच वाऱ्याच्या असतात. मग रात्रीतून वारा फिरतो आणि वायव्येकडून येतो. दार दक्षिणेला केलं तर दक्षिणेचा वारा थोडा लागेल, पण खरा जोर येईल तेव्हा पाठ त्याच्याकडे असेल. वायव्येकडचे ताणे दुप्पट करा. निघायच्या आधी ओमानच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा हवामान अंदाज बघा. वारा नॉटमध्ये देतात, २० नॉट म्हणजे ताशी ३७ किमी. तेवढा अंदाज असेल तर मुलांना घेऊन तंबूत जाऊ नका, दुसरा दिवस बघा.

आणि वारा चुकवायला म्हणून डोंगराकडे सरकून वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, मुक्काम नको. तिथे वारा खरंच कमी असतो, म्हणून मोह होतो. पण पाऊस लांब डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असताना येतं. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिमी पाऊस पडला. याच वादळी पावसात ओमानमध्ये शाळकरी मुलांची गाडी वादीत वाहून गेली. वाळवंटात पाण्याने माणसं जातात हे इथे राहिल्याशिवाय पटत नाही.

रोखठोक

वरचा धागा सगळा वाचला. मत बदलत नाही, पण दहा-पंधरा मिनिटांवर कॅम्प, २० नॉटची मर्यादा आणि आजी गाडीत, एवढं पाळणार असाल तर माझी हरकत नाही. कॅम्पवाल्यांना आधी फोन करून ठेवा, रात्री आलो तर एक खोली मिळेल का म्हणून. आणि वाळवंटाच्या तोंडाशी, बिदिया गावात, टायरची हवा कमी करायला विसरू नका. मध्यरात्री निघायची वेळ आली आणि गाडी रुतली तर सगळं नियोजन वाळूत जाईल. फावडं, ओढायचा पट्टा आणि हवा भरायचा पंप गाडीत सर्वांत वर हवा.

थारचा_वाटसरू

रोखठोक यांना दुजोरा. गाड्यांची तोंडं निघायच्या दिशेला, संध्याकाळीच. वाट अंधारात आणि धुळीत ओळखू येत नाही. उजेड असताना वाट मोबाइलच्या नकाशात साठवून ठेवा.

सोनटक्का

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते. उंच तंबू रद्द. ठेंगणे तीन, आतून कापडी भिंतींचे, झालरवाले; दोन मिळाले, तिसऱ्याला जाऊबाई पुण्याहून निघायच्या आधी झालर शिवून आणताहेत. तांदळाच्या पिशव्या शेजाऱ्यांकडूनही गोळा केल्या. दोरी घेतली. दारं दक्षिणेला, गाड्या वायव्येला ताडपत्री लावून. मेखसू आणि कुवेतकर दोघांचंही ऐकतेय, एक ताणा रिमला आणि बाकीचे पिशव्यांना. घरामागच्या समुद्रकिनाऱ्यावर या शुक्रवारी तंबू लावायची तालीम आहे.

एक राहिलं. समुद्रकिनाऱ्यावर नुसता उघडून बघितला तरी चेनमध्ये वाळू गेली आणि अडकायला लागली. तेल लावू का?

कुवेतकर

तेल अजिबात नको! तेलाला वाळू चिकटते आणि चेन कायमची जाते. जुना दात घासायचा ब्रश घ्या, कोरडाच, दोन्ही बाजूंनी दाते झाडा, मग मेणबत्ती घासा. वाळवंटात रोज सकाळी हे करा. चेन पूर्ण ओढायच्या आधी दोन्ही कडा हाताने जवळ धरा, जोर लावू नका. काड्यांच्या जोडांतही वाळू जाते, दुमडण्याआधी प्रत्येक जोड खाली तोंड करून आपटून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी जोड बसत नाही.

आणि निघताना पिशव्या उकरून वाळू तिथेच ओता, पिशव्या परत आणा. पुरून ठेवल्या तर उंट खातात.

उंटावरची_शहाणी

हे खरंय, प्लास्टिक आणि दोऱ्या पोटात जाऊन उंट मरतात इकडे. दोरीचे तुकडेसुद्धा मोजून परत आणा.

सोनटक्का

नक्की. दोऱ्यांची टोकं केशरी रंगवून घेते, म्हणजे वाळूत दिसतील आणि रात्री कोणी अडखळणारही नाही. शुक्रवारच्या तालमीचे फोटो इथेच टाकते, गाठी चुकल्या असतील तर सांगा.